वरचं वजा खालचं: हृदयाच्या पेशंटची बीपीची वही कशी ठेवायची

मिरजेत हृदयविभागात टेक्निशियन म्हणून मला बावीस वर्षं झाली. ईसीजी काढायचा, स्ट्रेस टेस्टच्या पट्ट्यावर पेशंटला चालवायचं, टू-डी इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, तयारी करायची आणि गेली काही वर्षं धमन्यांचा ताठरपणा मोजणारं मशीन चालवायचं, हे माझं रोजचं काम. गोळ्या लिहून देणं माझं काम नाही आणि या लेखातही मी ते करणार नाही. पण मोजायचं कसं आणि मोजलेलं वाचायचं कसं, हे मी जबाबदारीने सांगू शकते. ज्यांच्या घरात हार्ट अटॅक येऊन गेलेला, स्टेंट टाकलेला किंवा बायपास झालेला माणूस आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

माझे वडील, अप्पा, तासगावजवळ द्राक्षबाग करायचे. सहासष्टाव्या वर्षी त्यांना अटॅक आला, दोन स्टेंट पडले. घरी बीपीचं मशीन आणलं. वहिनी रोज सकाळी फोन करून आकडे सांगायच्या, "ताई, आज १५८ आणि ६०." मी म्हणायचे, "वरचं थोडं जास्त आहे, पण खालचं छान आहे, काळजी करू नका." दोन वर्षं मी हेच म्हणत राहिले. एका पावसाळ्यात अप्पांना जिना चढताना धाप लागायला लागली आणि भरती करावं लागलं. तिथल्या वयस्कर डॉक्टरांनी वहिनींची वही उघडली आणि पेनाने प्रत्येक ओळीपुढे एक तिसरा आकडा लिहीत गेले. ९८. ९४. १०१. ९६. वरच्यातून खालचं वजा करून आलेला आकडा. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "खालचं साठ होतं ते चांगलं म्हणून नव्हतं. नळ्या कडक झाल्यात म्हणून होतं."

हृदयाचं काम करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात हे झालं. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पेशंटच्या माणसाला मी तो तिसरा रकाना आखायला सांगते.

तो आकडा काय सांगतो ते आधी समजून घ्या, म्हणजे रोज लिहायला कंटाळा येणार नाही.

पाठीवरचा फवारणी पंप ज्यांनी मारलाय त्यांना हे पटकन कळेल. दांडा आपण वर-खाली करतो, म्हणजे पाणी झटक्या-झटक्याने ढकललं जातं. तरी नोझलमधून फवारा सलग येतो, कारण पंपात हवेचा एक छोटा कप्पा असतो. झटका बसला की तिथली हवा दबते आणि दोन झटक्यांच्या मधल्या वेळात तीच हवा पाणी पुढे ढकलते. तो कप्पा निकामी झाला की फवारा तुटक-तुटक येतो आणि हाताला दुप्पट जोर लागतो. हृदयातून निघणारी महाधमनी हे त्या कप्प्याचंच काम करते. हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा ठोका मारतं. प्रत्येक ठोक्याला महाधमनी थोडी फुगते, रक्त साठवते आणि हृदय विश्रांती घेत असताना ते पुढे सोडते. घोडीच्या धमनीला काचेची नळी जोडून रक्त किती उंच चढतं हे पाहणारे इंग्लंडचे स्टीफन हेल्स यांनी १७३३ सालीच धमन्यांच्या या लवचिकपणाची तुलना आग विझवण्याच्या बंबातल्या हवेच्या कप्प्याशी केली होती. त्यांचा बंब आणि आपला फवारणी पंप, तत्त्व एकच.

महाधमनीच्या भिंतीत इलॅस्टिन नावाचे ताणले जाणारे तंतू असतात. ते मुख्यतः लहानपणीच तयार होतात आणि पुढे जवळपास आयुष्यभर तेच पुरवायचे असतात. वय, वाढलेलं बीपी, डायबेटिस, तंबाखू, किडनीचा आजार यांनी ते तुटत जातात, त्यांची जागा कोलॅजनचे कडक तंतू घेतात, भिंतीत कॅल्शियम बसतं. अँजिओग्राफीत दिसणारं ब्लॉकेज आणि हा ताठरपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बऱ्याचदा एकत्र नांदणाऱ्या. स्टेंटने ब्लॉकेज उघडतं. नळी मऊ होत नाही.

कडक नळी फुगत नाही, म्हणून ठोक्याच्या वेळी दाब एकदम वर चढतो. वरचं बीपी वाढलं ते असं. साठा झालेला नसतो, म्हणून दोन ठोक्यांच्या मध्ये दाब पार खाली येतो. खालचं बीपी उतरलं ते असं. त्यात आणखी एक अडचण आहे. ठोक्याची लाट पुढे जाऊन धमन्यांच्या फाट्यांवर आपटते आणि मागे फिरते. मऊ धमनीत ती सावकाश परत येते, तोवर हृदयाचा दाबण्याचा वेळ संपलेला असतो. कडक धमनीत ती घाईने परत येते आणि अजून रक्त बाहेर ढकलत असलेल्या हृदयाच्या अंगावर येते. हृदयाचं ओझं वाढतं. आणि हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत, खालच्या बीपीच्या जोरावर. म्हणजे काम वाढलं आणि पोटाला कमी मिळालं. आधीच एक अटॅक सोसलेल्या हृदयाला हे दोन्हीकडून महाग पडतं.

हे नुसतं तर्काने मांडलेलं नाही. पॅरिसमध्ये १,९८० बीपीच्या पेशंटच्या महाधमनीचा ताठरपणा मोजून त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. २००१ मध्ये ते निष्कर्ष आले: धमनी जितकी ताठ, तितका मृत्यूचा धोका जास्त, आणि वय किंवा डायबेटिसचा हिशेब वेगळा काढला तरीही. २०१० मध्ये अशा १७ अभ्यासांतल्या १५,८७७ माणसांची आकडेवारी एकत्र केली गेली. धमनी जितकी ताठ, तितकी ठोक्याची लाट तिच्यातून वेगाने पळते; हा वेग सेकंदाला एक मीटरने वाढला की मृत्यूचा धोका साधारण १५ टक्क्यांनी वाढतो, असं त्यातून दिसलं. मला सगळ्यात जवळचा वाटतो तो १९९७ चा एक अभ्यास, कारण त्यात मोठं मशीन नव्हतं. अटॅकनंतर हृदयाचं पंपिंग कमी झालेले २,२३१ पेशंट आणि साधा दंडाला बांधायचा पट्टा. वरचं वजा खालचं हा आकडा दर दहाने वाढला की मृत्यूचा धोका सुमारे ८ टक्क्यांनी आणि पुन्हा अटॅक येण्याचा सुमारे १२ टक्क्यांनी वाढत होता. आपल्या घरातल्या मशीनवर जो आकडा काढता येतो, तोच हा आकडा.

टक्के वाचून छातीत धस्स होतं, मला माहीत आहे. म्हणून हिशेब करून दाखवते. समजा एकाच वयाच्या, एकसारख्या आजाराच्या शंभर माणसांत पुढच्या काही वर्षांत वीस जण दगावणार असतील, तर धोका १५ टक्क्यांनी वाढला म्हणजे तेवीस. वीसाचे पस्तीस नव्हेत. आणि त्या तेवीस जणांत तुमचं माणूस आहे की उरलेल्या सत्त्याहत्तर जणांत, हे कुठलंच मशीन सांगत नाही. हा आकडा मरणाची तारीख नाही. कोणाकडे जास्त लक्ष द्यायला हवं हे तो सांगतो, आणि लक्ष देणं आपल्या हातात आहे.

आता वहीकडे येऊ.

मशीन दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको. पट्ट्यावर किती सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी तो आहे हे छापलेलं असतं. शिंप्याचा टेप घेऊन दंडाचा मधला घेर मोजा आणि जुळवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी उगाच जास्त दाखवतं, आणि मग गोळी वाढते. वर्षातून एकदा मशीन पिशवीत घालून दवाखान्यात न्या, तिथल्या मशीनशी ताडून पाहा.

सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन या. भरलेल्या लघवीने बीपी चढतं, आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसांत हे हमखास विसरलं जातं. चहा नाही, तंबाखू नाही, गोळ्याही अजून घ्यायच्या नाहीत. पाठ टेकेल अशा खुर्चीवर बसायचं. आमच्याकडे बहुतेक जण पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून बसतात, पाठीला आधार नाही आणि हात मांडीवर. तो आकडा वहीत लिहिण्याच्या लायकीचा नाही. पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, एकावर एक नाहीत. हात टेबलावर, तळहात वर, पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला येईल असा. टेबल बुटकं असेल तर खाली उशी ठेवा. घट्ट बाही वर सरकवली की तीच दंडाला करकचून बसते, म्हणून बायकांनी सैल बाहीचा ब्लाउज किंवा गाऊन घालूनच मोजावं आणि पुरुषांनी शर्ट काढूनच. मग पाच मिनिटं नुसतं बसायचं. टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. बोलायचं नाही. कोणी विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. अप्पा बागेतल्या गड्याला खिडकीतून सूचना देत बीपी मोजून घ्यायचे. एकदा मी तेच दोनदा करून दाखवलं, बोलताना आणि गप्प राहून. वरच्या आकड्यात बाराचा फरक आला. त्या दिवसापासून ते गप्प बसतात.

पहिलं मोजून झालं की पट्टा न काढता एक मिनिट थांबा आणि पुन्हा मोजा. दोन्ही लिहा. जो आवडला तोच लिहायचा, असं करू नका. संध्याकाळी जेवणाआधी परत दोनदा. असं सलग सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, कारण त्या दिवशी माणूस बावचळलेलं असतं. उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढा. वहीत माझी ओळ अशी असते:

मंगळवार सकाळ, १४८/६४, १४४/६६, सरासरी १४६/६५, फरक ८१, नाडी ६६. पुढे कोपऱ्यात: "रात्री दोनदा उठले."

तो कोपरा सोडू नका. लग्नाचं जेवण, गुडघेदुखीची गोळी, झोप न लागणं, पायावर सूज, गोळी बदलली ती तारीख, सगळं तिथे. डॉक्टर तो कोपरा आधी वाचतात, हे मी रोज पाहते.

सात दिवस झाले की वही मिटा. पुढची फेरी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी, किंवा गोळी बदलल्यावर दोन-चार आठवड्यांनी. दिवसातून दहा वेळा मोजणारे लोक माझ्याकडे येतात. भीतीने बीपी चढतं, चढलं म्हणून परत मोजतात, आणि रात्री अकराला इमर्जन्सीत येतात. तसं करू नका.

सगळ्यात पहिल्या दिवशी एकदा दोन्ही दंडांत मोजा आणि ज्या हाताचं जास्त येतं तो हात कायमचा धरा. दोन हातांत वरच्या आकड्याचा फरक सतत दहा-पंधराहून जास्त राहिला तर सांगा, एखाद्या हाताची नळी अरुंद झालेली असू शकते. महिन्यातून एकदा उभं करूनही मोजा, बसल्यानंतर उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी, शेजारी कोणीतरी उभं असताना. वरचं वीसने किंवा खालचं दहाने उतरलं तर ते कळवायचं. कडक नळ्यांच्या माणसांत हे वारंवार दिसतं, आणि पहाटे बाथरूममध्ये पडून खुबा मोडण्यामागे पुष्कळदा हेच असतं. नाडी अनियमित असेल तर घरचं मशीन चुकतं. तिथे दोनऐवजी तीनदा मोजा आणि नाडीची गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता तिसरा रकाना वाचायचा कसा?

१२०/८० ला फरक ४०. साधारण तिथे असावा. वयस्कर माणसात घरच्या सरासरीचा फरक ६० किंवा त्याहून जास्त राहत असेल तर नळ्या ताठ झाल्याची ती खूण धरतात. त्याशिवाय घरच्या सरासरीत वरचं १३५ किंवा खालचं ८५ गाठत असेल तर बीपी जास्त धरतात, तो नियम आहेच. पण मला विचाराल तर एका दिवसाच्या फरकापेक्षा सहा महिन्यांत तो कुठे सरकतोय हे पाहा. ६२ वरून ७४ ला गेला, तर वरचा आकडा फार वाढला नसला तरी ती बातमी आहे. वरचं तेच आणि खालचं उतरत चाललंय, ही तर माझ्या घरी चुकलेली बातमी.

फरक मोठा दिसला म्हणजे नळ्याच कडक, असंही लगेच म्हणू नका. महाधमनीची झडप गळत असेल, रक्त कमी असेल, थायरॉइड वाढलेलं असेल, ताप असेल, नाडी फार मंद असेल, तरी फरक वाढतो. ते वेगळं काढायला डॉक्टर आणि इको आहेत. आणि एका बाबतीत गणित उलटं फिरतं, ते नीट लक्षात ठेवा. ज्यांचं पंपिंग फार कमी आहे, त्यांच्यात फरक लहान होणं वाईट. हृदय एका ठोक्याला पुरेसं रक्त फेकतच नाही, म्हणून वरचं आणि खालचं जवळ येतात. फरक वरच्या आकड्याच्या पाव भागापेक्षाही कमी, समजा ९६/७६ म्हणजे वीसच, आणि हातपाय गार, धाप, गुंगी, तर वहीची सरासरी काढत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वहीच्या पुढची पायरी म्हणजे आमच्या खोलीतली तपासणी. तिला पल्स वेव्ह व्हेलॉसिटी म्हणतात, म्हणजे ठोक्याची लाट धमनीतून किती वेगाने पळते ते मोजणं. मिरजेत सतारी बनतात. तार ढिली असताना छेडली की लाट रेंगाळत जाते, ताणून बसवली की सर्रकन जाते. धमनीचंही तसंच. हा वेग आणि धमनीचा लवचिकपणा यांचं नातं ब्रॅमवेल आणि हिल या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी १९२२ मध्ये मांडलं, आणि आम्ही आजही त्याच पायावर मोजतो.

पेशंटला उताणं झोपवते. एक पेनसारखा प्रोब मानेच्या उजव्या बाजूला, जिथे नाडी लागते तिथे, आणि दुसरी जागा उजव्या जांघेत. जांघेत हात लावायचा आहे हे मी आधीच सांगते, चादर देते, बायकांच्या वेळी पुरुष कर्मचारी खोलीत ठेवत नाही. तुम्हालाही हे मागायचा हक्क आहे, संकोच करू नका. सुई नाही, दुखत नाही. मग टेपने या दोन जागांमधलं अंतर मोजते. समजा ६२ सेंटीमीटर आलं. लाट मानेकडे आणि जांघेकडे एकाच वेळी निघते, त्यामुळे टेपचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त भरतं, म्हणून ०.८ ने गुणायचं, झालं ४९.६. लाट मानेत आणि जांघेत पोचायच्या वेळेतला फरक मशीन देतं, समजा ४५ मिलिसेकंद. ४९.६ सेंटीमीटर ४५ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. याच माणसाला ६२ मिलिसेकंद लागले असते तर वेग ८ आला असता. दहा मीटरच्या वर गेलं की धमनी ताठ धरायची, असं २०१२ पासून तज्ज्ञांनी ठरवलेलं आहे. बारीकशा १७ मिलिसेकंदांचा हा सगळा खेळ आहे, म्हणूनच तयारी महत्त्वाची.

तपासणीच्या आधी तीन तास जेवण, चहा-कॉफी, बिडी-सिगारेट, तंबाखू काही नको. दारू आदल्या संध्याकाळपासून बंद. रोजच्या गोळ्या बंद करू नका, फक्त कोणत्या आणि किती वाजता घेतल्या ते लिहून आणा. खोलीत दहा मिनिटं शांत पडून राहायचं, बोलायचं नाही, झोपायचंही नाही. दोनदा मोजलं पाहिजे, आणि दोन आकड्यांत अर्ध्या मीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. एसटीतून उतरून धावत आलेल्या माणसाला दोन मिनिटांत मोजून पाठवलं असेल, तर त्या कागदावर फार विसंबू नका. पुढच्या वेळी मोजायचं असेल तर त्याच वेळेला, त्याच ठिकाणी, त्याच प्रकारच्या मशीनवर.

रिपोर्ट वाचताना एकक आधी बघा, ही कळकळीची विनंती. काही मशीन दंड आणि घोट्याला पट्टे बांधून मोजतात आणि सेंटीमीटरमध्ये आकडा देतात, उदाहरणार्थ १५००. त्या पद्धतीत पायाच्या धमन्याही हिशेबात येतात, त्यामुळे आकडा मुळातच मोठा असतो. १५०० म्हणजे १५ मीटर, म्हणजे दहाच्या कितीतरी वर, असं घरी गणित करून एक गृहस्थ रात्रभर जागून माझ्याकडे आले होते. या दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडायचेच नसतात. आणि ही तपासणी प्रत्येकाने केलीच पाहिजे असंही नाही. डॉक्टरांचा निर्णय त्याने बदलणार असेल तर करा. वही मात्र प्रत्येकाने ठेवावी.

नळी परत तरुण होत नाही, पण ताठरपणा वाढायचा वेग कमी करता येतो, थोडा मागेही आणता येतो. पहिला वाटा बीपी ताब्यात ठेवण्याचा आणि गोळ्या रोज घेण्याचा. "बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद केली" हे वाक्य मी आठवड्यातून चार वेळा ऐकते. नॉर्मल आलं ते गोळीमुळे आलं. नाडी हळू करणारी गोळी तर एकदम तोडली की हृदयावर उलटा झटका बसतो.

चालणं रोजचं हवं, अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर.

मिठाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण आमच्या घरात खरी गोष्ट तिथे सापडली. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळ्या पदार्थांत मिळून. भाजीत कमीच घालतो, असं वहिनी शपथेवर सांगायच्या, आणि ते खरंही होतं. मग मी एक रविवार तासगावला जाऊन अप्पांच्या ताटाशेजारी बसले. सकाळी भडंग. दुपारी भाकरीबरोबर लोणच्याची फोड, पापड आणि ठेचा. ठेच्यात खडा मीठ. संध्याकाळी फरसाण. भाजीतलं मीठ सगळ्यात कमी होतं. पेशंटच्या ताटाशेजारी एक दिवस बसा, विचारून कळत नाही. कोकणातल्या घरांत सुकट-बोंबलाचाही हिशेब धरा. कमी सोडियमचं मीठ बाजारात मिळतं, पण त्यात पोटॅशियम असतं. किडनी कमजोर असेल किंवा हृदयासाठी पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका.

त्याच रविवारी उशीखाली गुडघेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट सापडलं. मेडिकलमधून स्वतः आणलेल्या, महिनोन्‌महिने रोज एक. अशा गोळ्या बीपी वाढवतात, अंगात पाणी धरतात, किडनीला त्रास देतात. डॉक्टरांना या पाकिटाचा पत्ताच नव्हता. तंबाखू-चुना होताच. धूर नाही म्हणून मशेरी आणि तंबाखू चालते, हा समज आपल्याकडे बायका-पुरुष दोघांत आहे. निकोटिन रक्तात गेलं की नळ्या आवळतातच.

अप्पांच्या गोळ्या डॉक्टरांनी बदलल्या, दुखण्याच्या गोळ्या बंद झाल्या, लोणचं गेलं, तंबाखू दीड वर्षाने सुटली. फरक ९६ वरून सावकाश ७० च्या घरात आला. कशामुळे किती, ते वेगळं करून सांगता येणार नाही.

ओपीडीत जाताना वही, चालू गोळ्यांची पाकिटं (चिठ्ठी नव्हे, पाकिटंच) आणि शेवटचा इकोचा कागद न्या. डॉक्टरांना वेळ कमी असतो, म्हणून पहिल्या पानावर त्या सहा दिवसांची सरासरी आणि फरक ठळक लिहून ठेवा. दोन गोष्टी विचारा. वरचं कितीपर्यंत आणायचं आहे? आणि ते आणताना खालचं कितीच्या खाली जाऊ द्यायचं नाही? दुसरा प्रश्न लोक विचारत नाहीत. ताठ नळ्यांच्या पेशंटमध्ये वरचं उतरवायला गोळी वाढवली की खालचंही उतरतं, आणि हृदयाच्या स्नायूचं पोषण त्याच खालच्यावर आहे. म्हणून डॉक्टर प्रत्येकासाठी हा आकडा वेगळा ठरवतात.

छातीत दाब, आडवं झाल्यावर दम कोंडणं, शुद्ध हरपणं, तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूची ताकद जाणं, यातलं काहीही झालं तर बीपी मोजत बसू नका, १०८ ला फोन करा.

उत्तर मिळालं की ते वहीच्या पुठ्ठ्यावर जाड पेनाने लिहा, आत नको. अप्पांच्या वहीच्या पुठ्ठ्यावर वहिनींनी लिहिलंय: "वरचं १४० च्या आत. खालचं ६० च्या खाली दोन दिवस राहिलं तर फोन. गोळी आपण कमी करायची नाही." खाली दवाखान्याचा नंबर आहे आणि माझा. घरात त्या वेळी वही कोणाच्याही हातात असो, नातवाच्या असली तरी, काय करायचं ते त्याला वाचता येतं.